बारा ते चार

जव्हारला ‘पालघरचं महाबळेश्वर’ म्हणायची पद्धत आहे. मे महिन्यात मुंबईचं एखादं कुटुंब त्या भरवशावर विक्रमगडमार्गे किंवा कसारा-खोडाळ्याच्या रस्त्याने वर चढतं, दुपारी एकला हनुमान पॉइंटवर उभं राहतं आणि विचारतं, ‘गारवा कुठे आहे?’ गावाचा यात काही दोष नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे, माथेरान ८०० च्या आसपास. जव्हार जेमतेम साडेचारशे. हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे जव्हारच्या वाट्याला तीन अंश येतात. समुद्रावरचा वारा मागे राहिल्यामुळे भर दुपारी तेही हिशेबातून जातात.

सहली आखून देण्याच्या कामात ‘तिथे ऊन किती असतं?’ हा प्रश्न रोज येतो. आकडा सांगून तो सुटत नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर पारा कमी दिसतो, पण हवेत आधीच पाणी भरलेलं असल्यामुळे घाम वाळत नाही आणि रात्रीही अंग चिकट राहतं. बँकॉकला जाणाऱ्यांचा अनुभव हाच. एप्रिलमधलं सोंगक्रान म्हणजे एकमेकांवर पाणी उडवण्याचा सण, तो तिथल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत येतो. जव्हारशेजारच्या मोखाड्याच्या पठारावर मात्र पारा वर गेला तरी घाम वाळतो, सावलीत गेलं की लगेच फरक पडतो आणि सूर्य कलल्यावर हवा निवायला लागते. ज्याला दमटपणाने डोकं धरतं त्याला मोखाडा मानवेल. ज्याला ऊनच सोसत नाही त्याने दोन्हीकडे मेमध्ये जाऊ नये.

जव्हार विसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. अशा वेळी ‘पॉइंट’ बघत हिंडणं ही शिक्षा आहे.

म्हणून माझ्या मते उष्ण प्रदेशात जाणाऱ्याने स्वतःला एकच विचारावं: बारा ते चार मी काय करणार? ज्याच्या सहलीत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सलग कार्यक्रम लागतो, त्याची आवडच इथल्या दिवसाशी जुळत नाही. साखरशेतसारख्या जव्हार तालुक्यातल्या गावात उन्हाळ्याचा दिवस दोन तुकड्यांत विभागलेला असतो. मोहाच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. रात्रभर गळलेली फिकट पिवळी, गरदार फुलं ओणवं होऊन एकेक वेचायची, ऊन चढायच्या आत घरी आणायची आणि अंगणात पसरायची. ती वाळताना तांबूस होतात आणि त्यांचा गोडसर, जड वास आवारभर राहतो. हे पाहायचं तर पाहुण्याला साडेपाचला उठावं लागतं. दहाला नाश्ता करून निघणाऱ्याच्या हाती फक्त रिकामी झाडं लागतात.

दुपार घरात काढायची, आणि घर कसं आहे यावर सगळं अवलंबून. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमाती लिंपलेली कुडाची भिंत, वर कौलं किंवा गवत, खिडक्या नावापुरत्या: बाहेरून आलेल्याला आत अंधार वाटतो, पण दुपारी दोन वाजता त्या अंधाराची किंमत कळते. अशाच भिंतींवर गेरू देऊन तांदळाच्या पिठाने वारली चित्रं काढली जातात. पर्यटकांसाठी बांधलेल्या नव्या खोल्यांवर बहुधा सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा असतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खोलीत सोडत राहतो. खोली ठरवताना एसी आहे का हे सगळे विचारतात. वर छप्पर कशाचं आहे आणि वीज गेली तर काय, हे आधी विचारावं.

पाण्याचंही तसंच. पावसाळ्यात इथे धो-धो कोसळतं. लेंढी नदीचा दाभोसा धबधबा तेव्हा पाहावा, डोहात मात्र उतरू नये. ते पाणी उतारावरून निघून जातं आणि एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण याच भागात उभं आहे, ही गोष्ट मला दरवेळी बोचते. अशा गावात दिवसातून दोनदा शॉवर हवाच असणाऱ्याने उन्हाळ्यात न येणं हे त्याच्याही सोयीचं आणि गावाच्याही.

मग उन्हाळ्यात यायचं कोणी? ज्याला रात्र आवडते त्याने. होळीनंतरच्या महिन्यांत जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. देव-दैत्यांचे मोठे मुखवटे चढवून सोंगं रात्रभर नाचतात, संबळ आणि सनई वाजत असते, एकामागून एक सोंग पुढे येतं, थोडं नाचतं, मागे सरतं. काही गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडेच असतं. हा सोहळा पाहणाऱ्याने दुपारभर झोप काढलेली असते, त्यामुळे बारा ते चार काय करायचं हा प्रश्नच त्याच्यापुढे उरत नाही. प्रवासाची अशी चव असलेल्या माणसाला मी बेलाशक एप्रिलची शिफारस करतो.

बाकीच्यांसाठी दिवाळीचे आणि त्यानंतरचे दिवस सोपे. आश्विनातल्या वाघबारशीला इथे वाघाची पूजा होते, नागली-वरई-भात घरात आलेलं असतं, तारपा वाजतो, जव्हारात शिरपामाळ ते जयविलास राजवाडा भर दुपारीही हिंडता येतं. फक्त एक लक्षात ठेवावं. दिवाळी उरकली की पुष्कळ कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पाड्यातल्या अनेक दारांना कुलपं लागतात. गुलाबी थंडीत येणाऱ्याला निसर्ग भेटतो, माणसं कमी भेटतात. होळीला बरीच परततात. बोहाड्याची तारीख मात्र गावागावाची वेगळी असते आणि ती गावच ठरवतं. म्हणून आधी गावातल्या कुणाला तरी फोन करावा, मगच रजा टाकावी.