लेक फ्योर्डमधली रिकामी होडी

आम्ही ग्रीनलंडला गेलेलो नाही. पण नकाशा उघडला की आमचे बोट त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, लेक फ्योर्ड नावाच्या अरुंद खाडीवर थांबते. तिथे हिमनदी पाण्यात उतरते. तिचा कडा तुटला की मोठी लाट उठते.

१९३२ साली जीनो वॉटकिन्स हा २५ वर्षांचा इंग्रज तरुण तीन सोबत्यांसह तिथे होता. शिधा बेताचा, म्हणून तो सीलच्या शिकारीला जाई. कयाक म्हणजे सांगाड्यावर सीलचे कातडे ताणलेली, एकाच माणसाची होडी. उलटली तर आत बसूनच ती सुलटी करण्याची विद्या त्याने तिथल्या शिकाऱ्यांकडून घेतली होती.

२० ऑगस्टला तो एकटाच निघाला. त्याच दिवशी सोबत्यांना कयाक पाण्याने भरलेली, तरंगताना सापडली. बर्फाच्या एका तुकड्यावर त्याची विजार आणि कयाकचा पट्टा होता.

म्हणजे तो बर्फावर चढला होता! मग वाहत्या होडीमागे पोहत गेला काय? होडी सीलने उलटवली, की हिमकड्याच्या लाटेने? त्या विजारीपाशी आमचे सारे तर्क अडतात. देह मिळालाच नाही.

जॉन रायमिलने नेतृत्व हाती घेतले. हिवाळ्यासाठी मांस तर हवेच होते. शिकार पुन्हा सुरू झाली.