मोरा बंदरातील गोधडी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली की साधारण तासाभरात उरणचे मोरा बंदर येते. येथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे राज्य मोठे. ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही आणि प्रवाशांना पाण्याची वाट पाहावी लागते. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्हींचे उद्घाटन झाले आणि येथे येण्याच्या वाटा वाढल्या.

बंदरावरून कोळीवाड्याकडे पायी जावे. उन्हाळ्यात जाळ्यांशेजारी एखादी हाताने शिवलेली गोधडी वाळत असली, तर जरा थांबून पाहावे.

कोळीवाडा असो, आगरी पाडा असो की बौद्धवाडी, गोधडीची रीत सारखीच. विरलेले नऊवारी लुगडे वर, जुनी धोतरे आणि चिंध्या आत. जमिनीवर थर अंथरायचे आणि धावदोरा घालत कडेकडेने मध्याकडे यायचे. लुगडे जितके जुने तितकी गोधडी मऊ. म्हणून बाळाचे दुपटे आजीच्या लुगड्याचेच हवे.

याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, कपडा फाटका असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असावा. लुगडे नेसण्याची जुनी, कमीपणा दाखवणारी पद्धतही त्यांनी सोडायला लावली. ठिगळ ही गरिबीची खूण असेल, पण लाज वाटण्याची गोष्ट नव्हे, हे आपल्या आयांनी तेव्हाच ओळखले.

अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या गावी गुलामांच्या वंशातील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांच्या अशाच गोधड्या शिवत. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या, आणि प्रत्येकीखाली शिवणारीचे नाव होते. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटेही निघाली.

आपल्या गोधड्यांवर मात्र नाव नसते. आता बाजारातून ब्लँकेट येते, आणि जुनी गोधडी गाडी पुसायला जाते. तिच्याबरोबर एका बाईचे कित्येक दुपारींचे कष्टही पुसले जातात.

तेव्हा भगिनींनो, घरच्या पेटीतील गोधडी बाहेर काढा. ती कोणी शिवली, कोणाच्या लुगड्याची, कोणत्या साली, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा. पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर ते नाव दोऱ्याने काढा आणि गोधडीच्या कोपऱ्याला शिवून टाका. सुई आपल्याच घरात आहे.