तुमच्यातले, आमच्यातले

कोलशेतच्या आमच्या सोसायटीत प्रश्नमंजूषा असली, की गालिबच्या प्रश्नाला सगळ्या माना आमच्याकडे वळतात. उर्दू शाळेचे मास्तर ना आम्ही! यंदा विचारले, गालिब जन्मले कुठे? आम्ही छातीठोकपणे 'दिल्ली' म्हणालो. उत्तर होते आग्रा, १७९७. बेगमने कपाळाला हात लावला.

पुढचा प्रश्न : होनाजी बाळाच्या काळातला, जेजुरीचा शिकलगार शाहीर कोण? या वेळी आमच्याकडे कुणी पाहिलेच नाही. आम्ही हात वर केला. "सगनभाऊ. मुसलमान होते."

शेजारचे काका लावणीचे जुने शौकीन. ते चकित झाले. "अरेच्चा, तुमच्यातले? सगनभाऊंना आम्ही आजवर आपलेच समजत होतो!"

"आम्हीही, काका," आम्ही म्हणालो.