टोपलीएवढा साप

दौंड तालुक्यातल्या आमच्या कासुर्डीत गारुडी येत असत, त्या काळापासून एक वाक्य आमच्या कानांवर आहे : जेवढी टोपली, तेवढाच साप. अलीकडे शहरातल्या एका तरुण परिचिताने काचेच्या पेटीत पाळलेल्या परदेशी अजगराविषयी नेमके हेच सांगितले. पेटी लहान ठेवली की साप आटोपशीर राहतो, असे त्याचे म्हणणे. गारुडी गेले, समजूत मात्र टिकली.

वस्तुतः सापाच्या शरीराला पेटीचे माप कळत नाही. साप वयात आल्यावरही वाढतच राहतो, फक्त वेग मंदावतो. ही वाढ ठरते ती त्याच्या जातीवर, भक्ष्यावर आणि उष्णतेवर. सापाला ऊब बाहेरून घ्यावी लागते. ती नसेल तर गिळलेले पचत नाही, आणि न पचलेले अंगी लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस बासच्या सामुद्रधुनीत माउंट चॅपल नावाचे चिमुकले बेट आहे. तिथले टायगर साप त्यांच्या जातीत अतिशय मोठे म्हणून प्रसिद्ध आहेत, कारण समुद्रपक्ष्यांची पुष्ट पिल्ले त्यांना तिथे दर विणीच्या हंगामात मिळतात. भूमी इवलीशी, पण ताट भरलेले! आमच्याकडे उसाच्या फडात उंदरांवर पोसलेली धामण दोन मीटरांच्या पुढे जाते, तीही याच न्यायाने.

मग गारुड्याचा नाग खुरटलेला का दिसे? विषदंत उपटलेले, जबड्यात जखम, कधी तोंडच शिवलेले. असा जीव वाढेल कशावर? त्याला उपाशी माणसाने ठेवले होते, आणि नाव मात्र टोपलीचे झाले.

कोणी विचारील, पेटीने वाढ थांबत नसेल तर ती लहान असण्याने बिघडले कुठे? सापाला एका बाजूला ऊब, दुसरीकडे गारवा, दडायला आडोसा आणि अंग पूर्ण सरळ करण्याइतकी जागा लागते. हे न मिळाल्यास तो ताणाखाली राहतो, पुष्कळदा अन्न नाकारतो, काचेवर तोंड घासून नाकाडाला जखमा करून घेतो. अशा सापाचे वजन घटले तर त्याला आटोपशीर म्हणण्याऐवजी आजारी म्हणावे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात रॅट स्नेक जातीची काही पिल्ले साध्या पेट्यांत, तर काही प्रशस्त व विविध वस्तूंनी सजवलेल्या जागेत आठ महिने वाढवली होती. दुसऱ्या गटातली पिल्ले नव्या जागेला लवकर सरावली आणि समोर ठेवलेले कोडेही त्यांनी अधिक चटकन सोडवले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणी बंधनकारक केली आहे. नोंदणीच्या कागदावर साप कोणाचा, हे ठरेल. तो कसा जगतो, ते पेटी विकत घेणारा ठरवतो.

असो. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी पेटी असेल, तर आतला साप पूर्ण लांबीने पसरलेला कधी दिसला होता, एवढे त्यांनी आठवून पाहावे.