कौल

मराठीत 'कौल' हा शब्द तीन ठिकाणी नांदतो. छपरावर असते ते कौल, देवापुढे लावतात तो कौल, आणि जुन्या दफ्तरांत रयतेला, उदमी माणसाला वा गाव सोडून गेलेल्या कुळाला सरकार लिहून देत असे तोही कौल. कोशकार पहिल्याला उरलेल्या दोघांपासून वेगळे काढतील आणि ते बरोबरच आहे. पण गेल्या वर्षी आम्ही घर शोधत होतो तेव्हा हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळून आमच्या मागे लागले होते.

आम्ही दोघेही पुण्यात साहित्य शिकवतो. वीस वर्षे भाड्याच्या घरांत निभावली. राहती इमारत पुनर्विकासाला गेली आणि निवृत्तीच्या अलीकडे स्वतःचे घर करणे भाग पडले. आमच्याबरोबर आई असतात, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचे माहेर पानशेतच्या वरच्या अंगाचे, आंबी नदीच्या खोऱ्यातले. दुसऱ्या बाजूचे घराणे नारायण पेठेतले, मुठेला लागून असलेल्या एका वाड्यातले. आमचे लग्न ठरले तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी मांडव घालण्याआधीच निकाल दिला होता : "एकाचं घर पानशेतच्या पाण्याखाली गेलं, दुसऱ्याचं पानशेतच्या पाण्यात. पत्रिका जुळतेय." त्या वेळी सगळे हसले. घर शोधताना ते वाक्य वारंवार आठवत राहिले.

१२ जुलै १९६१ ची गोष्ट पुण्यात सर्वांना ठाऊक असते, निदान अर्धी. धरणाचे काम अपुरे असतानाच पाणी साठत गेले, आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून खचता बांध सावरून धरला, सकाळी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खाली जुने खडकवासलाही फोडले. नदीकाठच्या पेठा, पुलाची वाडी, डेक्कनचा भाग पाण्यात गेला. ही अर्धी गोष्ट शहराची. उरलेली अर्धी खोऱ्याची : धरण फुटण्याआधी ते बांधण्यासाठी गावे उठली होती. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला. पानशेतची माणसे त्याच्या कितीतरी आधी आपली छपरे उतरवून, कौले डोक्यावर घेऊन डोंगराच्या वरच्या अंगाला चढली होती. आईंच्या वडिलांनी तीच कौले नव्या घरावर घातली. ते घर अजून उभे आहे.

त्यामुळे आमच्यापुढचा पहिला पर्याय पानशेतचाच होता. घर आपले, हवा चांगली, खर्च थोडा. आईंच्या पत्र्याच्या पेटीत ग्रामपंचायतीच्या पावत्या वर्षवार बांधून ठेवलेल्या आहेत : घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. सगळे मिळून हजाराच्या आत. दुसऱ्या बाजूला एका सहकाऱ्याने नमुना म्हणून दिलेले महापालिकेचे बिल होते. त्यात सर्वसाधारण कर, सफाईचा, अग्निशमनाचा, वृक्षांचा, रस्त्यांचा, शिक्षणाचा, जललाभाचा आणि जलनिस्सारण लाभाचा कर अशी लांबलचक उतरंड. बेरीज पानशेतच्या नऊ-दहा पट. दोन्ही कागद शेजारी ठेवून आम्ही एक संध्याकाळ वाचत बसलो. साहित्याच्या माणसांना सवय असते. कोणत्याही मजकुरात काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे हे आम्ही आधी पाहतो. पानशेतच्या पावतीत अग्निशमन नव्हते, जलनिस्सारण नव्हते. चाळीसेक किलोमीटरवरचे मोठे रुग्णालय कोणत्याच पावतीत नव्हते. पण ज्या घरात ऐंशीच्या पुढचे माणूस आहे त्या घराने ते अंतरही कर म्हणूनच धरायला हवे. पावसाळ्यात रात्री दीड वाजता तो कर कोणत्या दराने भरावा लागेल, याचा हिशेब आम्हांला मांडता येईना.

पानशेतच्या रस्त्याला आता जागोजागी फलक दिसतात. 'लेक व्ह्यू' प्लॉट, शनिवार-रविवारची घरे. एका फलकाशी आईंनी गाडी थांबवायला सांगितली. मजकूर वाचून दाखवल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आमचं खळं हाय त्यात." पाणी त्यांच्या दृष्टीने देखावा नव्हते.

दुसरा पर्याय या दोन टोकांच्या मधला : शहराच्या हद्दीत नव्याने आलेली गावे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही पानशेतच्या वाटेवरची गावे दुसऱ्या तुकडीतली. तेथे घरांच्या किमती शहराच्या मानाने उतरत्या, आणि कायद्यानुसार कर एकदम लागू होत नाही. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचा दर, मग टप्प्याटप्प्याने चढत चढत महापालिकेचा पूर्ण दर. ही तरतूद समजावून घेताना आम्हांला 'इस्तावा' हा शब्द आठवला. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाकडून मराठेशाहीत पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेत, दरवर्षी तो वाढवीत आणि काही वर्षांनी पुऱ्या दरावर आणीत. तोच हा इस्तावा, नव्या कायद्याच्या भाषेत. फरक एवढाच की जुन्या इस्ताव्यात साऱ्याबरोबर पीकही वाढलेले असे अशी अपेक्षा होती. येथे कर वाढत गेला तरी नळाला पाणी आले नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येई. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे तर महापालिकेतून पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. करांचा बोजा हे तेथल्या नाराजीचे एक ठळक कारण होते.

तरीही या पट्ट्यात एक घर आम्हांला आवडले होते. दक्षिणेला टेकडी, गच्चीवरून सिंहगड. बोलणी बरीच पुढे गेली होती. आणि जानेवारी २०२५ मध्ये याच भागातून 'गुइलेन बॅरे' या आजाराच्या बातम्या येऊ लागल्या. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडत होते. पुणे परिसरातील रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास गेली, काही दगावले. दूषित पाण्यातून झालेल्या संसर्गाकडे बोट दाखवले गेले, आणि शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन घालून विहिरीचे पाणी पुरवले जात असल्याचे सर्वांसमोर आले. पानशेत-खडकवासल्याच्या इतक्या जवळची ही गावे. शहराची तहान ज्या वाटेने भागते त्या वाटेवरची. आम्ही बोलणी थांबवली. त्या घराचा विक्रेता सज्जन होता. "साहेब, कर आम्ही पहिल्यापासून भरतोय," असे तो म्हणाला, तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही.

तिसरे घर सिंहगड रस्त्यावर, जुन्या हद्दीतले. सर्व सोयी, पूर्ण कर, आणि तरी किंमत शेजारच्या गल्लीपेक्षा कमी. कारण विचारल्यावर दलाल 'नदीची मोकळी हवा' एवढेच म्हणाला. पूररेषांचा नकाशा आम्ही मिळवून पाहिला. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल त्याची लाल. इमारत निळ्या रेषेला अगदी खेटून होती. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने याच रस्त्यावरच्या एकता नगरीत सोसायट्यांचे खालचे मजले बुडाले, लोकांना होड्यांतून काढावे लागले, हे आम्ही दूरदर्शनवर पाहिले होते. करबिलावर चटई क्षेत्र असते, वापर असतो, करपात्र मूल्य असते. नदीपासूनची उंची नसते. सुरक्षित घराचा आणि बुडणाऱ्या घराचा दर एकच.

एवढे पाहून झाल्यावर आम्हांला त्या जुन्या कौलाचा अर्थ नव्याने कळला. शिकवताना आम्ही तो 'करमाफीचे आश्वासनपत्र' असा सांगत आलो होतो. पण कौलात नुसती माफी नसे, अभयही असे. लष्कराच्या धामधुमीने वा दुष्काळाने उठून गेलेल्या माणसांना, या, वस्ती करा, तुम्हांला उपद्रव होणार नाही, अमुक वर्षे अमुक सूट, पुढे रिवाजाप्रमाणे द्या, असा त्याचा आशय. पेशवाईत पुण्यात नव्या पेठा वसल्या त्या उदमी लोकांना मोहतर्फ्याची अशी सूट देऊनच. पाळला न गेलेला कौल तेव्हाही असेल. त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. पण घेणे आणि राखणे या दोन गोष्टी निदान एका कागदावर, एका शिक्क्याखाली येत होत्या. आज घेण्याचा कागद एका खात्याकडे, पूररेषेचा दुसऱ्याकडे, पाण्याच्या तपासणीचा तिसऱ्याकडे. ते तिन्ही एकत्र वाचण्याचे काम घर घेणाऱ्यावर सोडलेले आहे, आणि ज्याला हे वाचायला सवड किंवा विद्या नाही तो स्वस्त किमतीवर विश्वास ठेवतो.

अखेरीस आम्ही घर घेतले ते गोखलेनगरात, टेकडीच्या पायथ्याशी. १९६१ नंतर पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती झाल्या त्यांतली ही एक. सहकारनगर, लोकमान्यनगरही त्यांतलीच. दोन लहान खोल्या, हवे होते त्याच्या निम्म्या. इमारत जुनी, आकारणीही जुन्या दराची, म्हणून कर आमच्या आवाक्यात. स्वतः राहणाऱ्या मालकाला पुण्यात १९७० पासून मिळणारी ४० टक्क्यांची सवलत मध्यंतरी बंद झाली होती, ती २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिचाही आधार वाटला. जमिनीच्या मालकीचा प्रश्न अशा वसाहतींत दशकानुदशके रेंगाळला, त्याची कागदपत्रे तपासण्यात आमचे चार महिने गेले. निर्णयाच्या आदल्या दिवशी आम्ही आईंना गंमतीने म्हटले, गावच्या देवीला एकदा कौल लावून पाहावा का. त्या म्हणाल्या, "देवाला कशाला इचारता? पाण्याला इचारा, कुठवर आलं हुतं ते." पाणी येथवर आले नव्हते. म्हणून तर ज्यांचे सर्व वाहून गेले त्यांना येथे आणून बसवले होते.

सवलतीसाठी पीटी-३ हा अर्ज भरायचा होता. घरात आपण स्वतःच राहतो याचा पुरावा त्याला जोडावा लागतो. आम्ही कागद जमवत होतो तेव्हा आईंनी विचारले, कसला पुरावा. आम्ही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग उठून पत्र्याची पेटी उघडली आणि १९५८ सालची, घडीवर विरलेली एक पावती आमच्यापुढे ठेवली. पाण्याखाली गेलेल्या घराची घरपट्टी. "हा चालंल का?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, चालणार नाही. तिची छायाप्रत मात्र काढून ठेवली आहे. पानशेतच्या घराची या वर्षीची पट्टीही भरली. छपरावरची चार-सहा कौले माकडांनी फोडली आहेत. पावसाआधी ती बदलायला हवीत.