उरलेलें ऊन

एक विद्यार्थिनी, इयत्ता दहावी

ज्या वस्तु विनामूल्य मिळतात त्यांचा हिशेब मनुष्य सहसा ठेवीत नाहीं. आम्हां सोलापूरकरांस ऊन ही तशीच वस्तु आहे. वर्षाचे आठ महिने तें डोक्यावर असतें. आम्ही त्याच्या नांवानें बोटें मोडतों, दारें-खिडक्या लावून घेतों आणि सायंकाळ झाली म्हणजे सुटलों असें म्हणतों. गेल्या दीड वर्षांत मात्र आमच्या घरीं ह्या उन्हाचा जमाखर्च लिहिला जाऊं लागला आहे, व ती वही माझ्याकडे आहे. त्या वहीनें मला जें कांहीं शिकविलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रथम ह्या जमाखर्चाची गरज कां पडली तें सांगतें. माझी आई अक्कलकोट तालुक्यांतील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षिका आहे. शाळा घरापासून चाळीस किलोमीटर. पूर्वीं ती दोन एस. टी. गाड्या बदलून जात असे, व एखादी गाडी चुकली म्हणजे दिवेलागणीनंतर घरीं येई. माझा धाकटा भाऊ तेव्हां पहिलींत होता. आई येईपर्यंत तो उंबऱ्यावरून उठत नसे. अखेर आईनें तेथेंच खोली घेऊन राहावें व रविवारीं घरीं यावें, अशी गोष्ट निघाली. पेट्रोलची गाडी घ्यावी तर रोजच्या ऐंशीं किलोमीटरांस पांच लिटर तेल, म्हणजे महिन्याकांठीं बारा हजारांच्या वर खर्च. तो आम्हांस झेपणारा नव्हता. विजेची लहान गाडी एका युनिटांत सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे दिवसाला बारा-तेरा युनिटें पुरतात. बाबांनीं हा हिशेब मांडिला आणि कर्ज काढून एक वापरलेली विजेची गाडी घेतली. त्याच सुमारास केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू केलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंतून आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचीं सौर पॅनेल बसलीं. त्यांस सरकारकडून अठ्ठ्याहत्तर हजारांचें साह्य मिळालें. तेव्हां हा विषय आमच्या घरीं हौसेचा नव्हता. आईनें रोज रात्रीं घरीं जेवावें कीं नाहीं, असा तो प्रश्न होता.

प्रकाशापासून वीज उत्पन्न होते हें १८३९ सालीं फ्रान्समध्यें एदमों बेकरेल ह्यानें प्रथम पाहिलें. तेव्हां तो अवघा एकोणीस वर्षांचा होता व आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेंत काम करीत होता. त्या शोधाचा व्यवहारांत उपयोग होण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट तयार झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकीं शेंकडा सहा भाग तेवढा विजेंत उतरे. आजचीं पॅनेल शेंकडा वीस भागांहून अधिक उतरवितात. आमच्या गच्चीवर सरासरीनें दिवसाला बारा युनिटें होतात. दिवे, पंखे, शीतकपाट, पाण्याचा पंप असा घरचा खर्च पांच युनिटांचा. बाकी उरतात सात. हेंच आमचें उरलेलें ऊन.

परंतु ह्यांत एक मोठी अडचण होती. सूर्य दुपारीं तळपतो, आणि दुपारीं आमची गाडी चाळीस किलोमीटरांवर शाळेच्या आवारांत लिंबाखालीं उभी असते. गाडी घरीं येते तेव्हां सूर्य मावळतीला गेलेला असतो. म्हणजे ज्याला भूक आहे तो घरीं नाहीं, व तो घरीं येतो तेव्हां चूल विझलेली! आमचा मीटर दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवणारा आहे. दुपारीं उरलेली वीज तारेवरून बाहेर जाते व आमच्या नांवें जमा होते. रात्रीं गाडीस लागणारी वीज तारेवरून आंत येते व जमेंतून वजा होते. शेजारचे काका हिशेबनीस आहेत. ते म्हणाले, "दिवसां द्या, रात्रीं घ्या. युनिटास युनिट वजा होतें आहे. मग गाडी उन्हांतच भरावी ही धडपड कशासाठीं?"

काकांचें म्हणणें खोटें नव्हतें. वर्षाअखेर शिल्लक राहिलेलीं युनिटें वीज कंपनी कमी दरानें घेते हें खरें. परंतु गाडीमुळें आमच्या घरीं तितकी शिल्लक पडतच नाहीं. बिलाच्या दृष्टीनें दुपार व मध्यरात्र ह्यांत आम्हांस त्या वेळीं फारसें अंतर नव्हतें. मी वही घेऊन आईकडे गेलें आणि काकांचा प्रश्न तिला विचारिला. तिनें उत्तर न देतां मला गच्चीवर नेलें. रात्रीचे नऊ वाजले असतील. दक्षिणेकडे दूर अंधारांत लाल दिवे लुकलुकत होते. "ते कशाचे?" असें तिनें मला विचारिलें.

ते दिवे फताटेवाडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्याचे. तेथें ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळसा आगगाडीनें येतो व पाणी उजनी धरणांतून. आपल्या देशांत कोळशाच्या एका युनिटामागें अदमासें दोन-तृतीयांश किलो कोळसा जळतो. रात्रीं तारेवरून येणाऱ्या विजेंत मोठा भाग अशा कोळशाचा असतो. दुपारीं मात्र सौरवीज मुबलक असते. आमच्या मीटरनें युनिटास युनिट वजा केलें, तरी दुपारचें युनिट सांठवून कोणीं रात्रीं परत दिलेलें नसतें. रात्रीचें युनिट रात्रींच कोठें तरी नवें निर्माण करावें लागतें. गाडीचीं बारा युनिटें रात्रीं घेतलीं, तर त्यांतील कोळशाच्या प्रत्येक युनिटासाठीं तो जळणारच. बिल बेरीज पाहतें. जळण वेळ पाहतें. हें मला त्या रात्रीं गच्चीवर समजलें, आणि दुसऱ्या दिवसापासून वहींत एक नवा रकाना पडला: "गाडी, थेट उन्हांतून."

पुढें मार्च महिना आला व शाळा सकाळच्या झाल्या. आई साडेबारापर्यंत घरीं येऊं लागली. आतां गाडी व सूर्य ह्यांची गांठ पडण्यास हरकत नव्हती. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. घरच्या जाड पिनेच्या प्लगांतून पूर्ण जोरानें भरल्यास गाडी सुमारें तीन किलोवॅट ओढते, आणि भरदुपारींही आमचीं पॅनेल सव्वादोन-अडीच किलोवॅटांपलीकडे क्वचितच जातात. त्यांतून घरचा खर्च वजा जातो. उरतात पावणेदोन-दोन. तेव्हां गाडीनें जितकें उरलें आहे तितकेंच घ्यावें, अशी योजना करावी लागते. चार्जर व गाडी ह्यांच्यामध्यें एक बारीक तार असते. तींतून चार्जर गाडीस "इतकेच अँपिअर घे" असा संकेत देतो आणि गाडी तो पाळते. त्यासही खालची मर्यादा आहे. सहा अँपिअरांहून कमी प्रवाहावर गाडी भरतां येत नाहीं. आपल्याकडील दाब २३० व्होल्टचा; सहांनीं गुणिलें म्हणजे १३८० वॅट झाले. उरलेलें ऊन ह्याच्या खालीं आलें, कीं एक तर गाडी थांबवावी, नाहीं तर कमी पडेल तें तारेवरून घ्यावें.

इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया ह्या देशांत हें काम आपोआप करणारीं यंत्रें घरोघर मिळतात. मीटरजवळच्या तारेभोंवतीं एक चिमट्यासारखें कडें बसवितात. वीज बाहेर जाते कीं आंत येते हें त्यावरून कळतें, आणि चार्जर त्याप्रमाणें प्रवाह वाढवितो वा कमी करितो. आमच्या घरीं तें यंत्र मीच! शाळेंतून आलें म्हणजे मी अभ्यासाचें पुस्तक घेऊन इन्व्हर्टरजवळ बसतें. आंकडा वर गेला कीं चार्जरवर आठ अँपिअर, ढग आला कीं सहा, आजीनें पाण्याचा पंप लावला कीं बंद. भूमितीचीं निम्मीं प्रमेयें मीं अशींच पाठ केलीं आहेत.

ह्या पहाऱ्यांत कित्येक नव्या गोष्टी कळल्या. मला वाटे, मे महिन्यांत ऊन सर्वांत कडक, तेव्हां वीजही सर्वांत अधिक होईल. तसें घडत नाहीं. पॅनेलास प्रकाश हवा, उष्णता नको. पंचवीस अंशांपुढें प्रत्येक अंशास त्याची शक्ति शेंकडा पाव ते अर्धा भाग घटते, आणि सोलापूरच्या वैशाखांत पॅनेलाचा पृष्ठभाग साठ-पासष्ट अंशांवर सहज जातो. फेब्रुवारी-मार्चमधील निरभ्र आकाश व थंड वारा हाच त्याचा खरा हंगाम. तसेंच धुळीचें. पंधरा दिवस पॅनेल धुतलीं नाहींत तर वहींतील आंकडा उतरूं लागतो. परंतु तीं भल्या पहाटे धुवावीं; तापलेल्या कांचेवर थंड पाणी ओतूं नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. भरदुपारीं ऊन रखरखीत असतां वीज गेली, तर आमचें घरही बंद पडतें. गच्चीवर सूर्य आणि खालीं पंखा थांबलेला! भावानें ह्यावरून इन्व्हर्टरास लबाड ठरविलें. वस्तुतः हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. वीज गेली असतां खांबावर एखादा वायरमन चढलेला असूं शकतो. तार निर्जीव आहे असें समजून तो तिला हात लावणार. त्याच वेळीं आमची वीज त्या तारेंत शिरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून बाहेरचा प्रवाह थांबतांच असा इन्व्हर्टर स्वतः थांबतो. हें समजल्यावर दुपारच्या उकाड्याबद्दल आमच्या घरीं कोणी कुरकुर करीत नाहीं.

प्रारंभीं बाबांना बाहेर जाणारें प्रत्येक युनिट हरवल्यासारखें वाटे. परंतु वीज तारेवर पडली म्हणजे जवळांत जवळ जेथें मागणी असेल तेथेंच ती खर्च होते. आमच्या मागच्या गल्लींत टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत. मे महिन्यांत शाळेस सुटी असते, गाडी उभी असते, आणि दुपारीं त्या मागांचा खडखडाट ऐकूं येतो. त्यांतील दोन-चार धोटे आमच्या गच्चीवरच्या उन्हावर चालत असतील असें मला वाटतें. तेव्हां जें उरलें तें आपणच ओढून घ्यावें असेंही नाहीं. जेथें त्या वेळीं गरज आहे तेथें तें जावें, आणि आपली गरज शक्य तेवढी उन्हाच्या वेळीं आणावी, हें खरें.

आजीला ह्यांत नवें असें कांहींच वाटत नाहीं. ती चैत्र-वैशाखांत त्याच गच्चीवर कुरडया, सांडगे व पापड वाळवीत आली आहे. "आषाढांत ऊन कोठून आणायचें? म्हणून आतांच डब्यांत भरून ठेवायचें," असें ती म्हणते. कोणती वस्तु किती वाजतां पसरावी, छाया केव्हां येते, हें तिला घड्याळ न पाहतां कळतें. पॅनेल कोठें बसवावीं हें ठरवितांना कारागिरांनीं मापें घेतलीं, पण नारळाची सावली पौषांत कोठवर येते हें तिनेंच सांगितलें व तें बरोबर निघालें.

आतां वहींतील आंकडे. मार्च व एप्रिलमध्यें गाडीस लागलेल्या विजेपैकीं निम्म्याहून थोडी अधिक वीज थेट उन्हांतून मिळाली. जुलैमध्यें एक-पंचमांशही नाहीं. कारण शाळा दिवसभर व आकाश ढगाळ. हिवाळ्यांत शनिवारची दुपार व रविवार एवढेच दिवस हातीं लागले. म्हणजे आमची गाडी सूर्यावर चालते असें म्हणणें ही बढाई होईल. ती कांहीं अंशीं सूर्यावर चालते, आणि तो अंश आमच्या खटपटीवर अवलंबून आहे. जुलै २०२५ पासून महाराष्ट्रांत नव्या पद्धतीचा मीटर असलेल्या घरांस सकाळीं नऊ ते सायंकाळीं पांच ह्या वेळेंतील विजेवर सूट मिळूं लागली आहे. बिलासही आतां वेळ दिसूं लागली म्हणावयाची. काकांनीं परवां माझी वही मागून नेली, व त्यांच्या गच्चीचें माप घेण्यास मला बोलाविलें आहे.

ह्या साऱ्यांतून मला एकच गोष्ट उमगली. उरलेली वस्तु कामीं लावणें म्हणजे केवळ काटकसर नव्हे. ती जेव्हां हातीं येते तेव्हां आपण तयार असावें लागतें, व त्यासाठीं आपली वेळ तिच्या वेळेस जुळवून घ्यावी लागते. सूर्य आमच्यासाठीं थांबत नाहीं. आम्हींच दुपारीं जागें राहिलें पाहिजे. माझी परीक्षा संपली कीं वही भावाकडे जाणार आहे. तो आतां तिसरींत आहे, आणि सहांनीं दोनशें तीस गुणिले तर किती, हें त्याला आजच पाठ आहे.