माद्रिदची मालिका-शाळा

माद्रिदच्या मेट्रोत वळणावरचं स्थानक आलं की सूचना होते. उतरताना डबा आणि फलाट यांच्यामधल्या फटीत पाय जाऊ देऊ नका, ‘तेंगान कुइदादो’. म्हणजे काळजी घ्या. ‘घे’ नव्हे, ‘घ्या’! आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ स्पॅनिशमध्येही आहे. दमलेला माणूस ‘कान्सादो’ आणि दमलेली बाई ‘कान्सादा’. त आणि द तर थेट आपलेच. मराठी माणसाला ही भाषा इंग्रजीच्या वाटेने शिकायची गरजच नाही.

कामानिमित्त मी तिथे सहा महिने होतो. मीटिंग इंग्रजीत चालायच्या, पण दुपारी दोननंतर जेवणाच्या टेबलावर सगळे स्पॅनिशवर यायचे. जेवण संपलं तरी कोणी उठत नसे. ताटं आवरल्यावरच्या या गप्पांना तिथे खास शब्द आहे, ‘सोब्रेमेसा’. ज्याला भाषा येत नाही त्याने तेवढा वेळ हसरा चेहरा करून बसायचं. तेच नको होतं, म्हणून मी संध्याकाळी मालिका लावू लागलो.

जगभर गाजलेली ‘ला कासा दे पापेल’ आधी पाहिली. त्यातली टांकसाळ पाहायला सेर्रानो रस्त्यावर गेलो, तर ती निघाली विज्ञान संशोधन परिषदेची इमारत! खरी टांकसाळ दुसरीकडेच आहे. मालिका रंगतदार, पण दरोडेखोरांची भाषा ऑफिसात किती चालणार?

खरी उपयोगी पडली ‘क्वेंतामे’. स्पेनच्या सरकारी वाहिनीवर ती २००१ ते २०२३ चालली. कथा १९६८ मध्ये, फ्रँकोच्या हुकूमशाहीत सुरू होते. अल्कांतारा कुटुंबात पहिला टीव्ही येतो. वडील दोन नोकऱ्या करतात, आई घरी शिवणकाम करते, आजी सगळ्यांवर लक्ष ठेवते. जेव, झोप, कुठे होतास, पैसे कुठून आणायचे... घराघरात रोज लागणारी भाषा ती हीच.

पद्धत साधी होती. आवाज स्पॅनिश आणि खालची अक्षरंही स्पॅनिश. एका वेळी दहाच मिनिटं. प्रत्येक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणायचं, मग तोच भाग अक्षरं बंद करून पुन्हा बघायचा. लिहिताना ‘व्ही’ असलेला ‘बाले’, म्हणजे ‘बरं, चालेल’, पुस्तकातून कानाला कळला नसता.

तीन महिन्यांत टेबलावरचं बरंचसं समजू लागलं. बोलणं मात्र येईना. टीव्ही उत्तराची वाट बघत नाही ना! तिथल्या एका ज्येष्ठ सहकारी बाई वाट बघायच्या. मी शब्द शोधत अडलो तरी त्या वाक्य पुरं करून द्यायच्या नाहीत, इंग्रजीवरही उतरायच्या नाहीत. शांतपणे कॉफी ढवळत बसायच्या. माझं तोंड उघडलं ते त्यांच्या त्या थांबण्यामुळे.

इंदूरच्या आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. आजी मराठीत विचारते, नातवाला सगळं कळतं, तो हिंदीत उत्तर देतो आणि आपण पुढे जातो. मुलांचा कान तयार आहे. मराठी नाटकं, मालिका जरूर दाखवूया, पण जेवणं झाल्यावर दहा मिनिटं टेबलावरच बसूया. मूल मराठी शब्द शोधत अडलं, तर तो त्याला सापडेपर्यंत थांबूया.